लेडीज डब्यात दोन वर्षे: रिको जीआर-३

डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हा माझा रोजचा प्रवास आहे. जाऊन-येऊन अडीच तास लोकलच्या लेडीज डब्यात जातात आणि गेली दोन वर्षे त्या वेळात रिको जीआर-३ हा छोटा कॅमेरा माझ्यासोबत असतो. या कॅमेऱ्याविषयी लिहिणारे बहुतेक जण त्याची एकच थोरवी सांगतात, की तो कोणाच्या लक्षात येत नाही. मुठीत मावतो, आवाज करत नाही आणि समोरच्याला कळायच्या आत फोटो काढून होतो. यात खोटे काही नाही. परंतु मला त्याचा खरा गुण त्याच्या भिंगात दिसतो. ते भिंग माणसाच्या जवळ गेल्याखेरीज काहीच देत नाही, आणि भरलेल्या डब्यात एखाद्या बाईच्या इतक्या जवळ कॅमेरा धरल्यावर लपून राहणे शक्यच नसते. अनोळखी माणसांचे सहज, न सांगता काढलेले फोटो ज्यांना आवडतात, त्यांनी हा कॅमेरा घ्यावा की नाही, हे मी याच अंगाने सांगणार आहे.

जीआर हे नाव फिल्मच्या काळापासूनचे आहे. पहिला जीआर-१ १९९६ साली आला, पहिला डिजिटल जीआर २००५ साली, मोठा एपीएस-सी सेन्सर (उजेड टिपणारा भाग) असलेला जीआर २०१३ साली आणि जीआर-३ मार्च २०१९ मध्ये. जपानचे छायाचित्रकार दाइदो मोरियामा यांनी या मालिकेतले कॅमेरे वर्षानुवर्षे रस्त्यावर वापरले, त्यामुळे रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांमध्ये या नावाला मान आहे. जीआर-३ चे वजन बॅटरी आणि कार्ड धरून २५७ ग्रॅम भरते. लांबी जेमतेम ११ सेंटीमीटर, उंची ६ सेंटीमीटरच्या थोडी वर आणि जाडी ३ सेंटीमीटरच्या थोडी वर. पर्समध्ये त्याला जेवणाच्या डब्यापेक्षा कमी जागा लागते. आत मात्र २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सर आहे, म्हणजे अनेक डीएसएलआर कॅमेऱ्यांत असतो त्याच आकाराचा. झूम नाही आणि भिंग बदलताही येत नाही. १८.३ मिलिमीटरचे, एफ २.८ छिद्राचे (एफचा आकडा लहान तितके छिद्र मोठे) एकच भिंग कायमचे बसवलेले आहे, आणि ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबात ते २८ मिलिमीटरचे रुंद भिंग ठरते.

हा २८ चा आकडा लोकलच्या डब्यात नेमका काय करतो, ते थोडे सविस्तर सांगते. समोरच्या बाकावरच्या बाईचा चेहरा माझ्यापासून साधारण एक ते सव्वा मीटरवर असतो. एक मीटर अंतरावर या भिंगात आडव्या फोटोत सुमारे १.२८ मीटर रुंद आणि ८५ सेंटीमीटर उंच एवढा भाग मावतो. त्यामुळे एकटा चेहरा कधीच येत नाही. चेहऱ्यासोबत मांडीवरची पर्स येते, शेजारणीचा खांदा येतो, तिघींच्या बाकावर चौथी म्हणून अर्धवट टेकलेली मुलगी येते, आणि कॅमेरा उभा धरला तर वरच्या हँडलला धरलेले तीन-चार हातही येतात. चेहरा भरून फोटो हवा असेल तर आणखी पुढे झुकावे लागते आणि मग आपले गुडघे तिच्या गुडघ्यांना लागतात. लांबचे जवळ आणणारे टेलिफोटो भिंग घेऊन डब्याच्या दुसऱ्या टोकाला उभे राहिले तर चेहरा सहज मिळाला असता. पण मधल्या सगळ्या बायका गाळून काढलेला तो चेहरा लोकलमधला वाटला नसता, आणि ज्या बाईचा तो चेहरा, तिला आपण टिपले गेलो हे कधी कळलेही नसते. गर्दीत टेलिफोटो वापरणे शक्य नसते हा भाग वेगळाच.

कॅमेऱ्याला डोळ्याला लावायची खिडकी नाही. मागच्या तीन इंची पडद्याकडे बघूनच फोटो काढावा लागतो आणि तो पडदा वळवता किंवा उचलता येत नाही. अनेकांना ही मोठी उणीव वाटते. मला सुरुवातीला वाटली होती, आता वाटत नाही. डोळ्याला कॅमेरा लावला की माझा अर्धा चेहरा झाकला जातो आणि समोरच्या बाईला फक्त एक काळे यंत्र दिसते. हा कॅमेरा मी छातीच्या उंचीवर धरते, त्यामुळे माझे तोंड उघडे राहते, तिने मान वर केली तर आमची नजरानजर होते, मी हसू शकते, आणि तिने नजरेने नको म्हटले तर कॅमेरा खाली घेऊ शकते. डब्यात ऊन थेट पडद्यावर पडत नाही, म्हणून चित्रही बरे दिसते. फलाटावर दुपारच्या उन्हात मात्र पडद्यावर जवळजवळ काही दिसत नाही, आणि तिथे अंदाजानेच चौकट धरावी लागते.

ज्या एका सोयीसाठी हा कॅमेरा घ्यावा, ती म्हणजे स्नॅप फोकस. बटण अर्धे दाबून थांबले तर कॅमेरा नेहमीप्रमाणे स्वतः फोकस शोधतो. एका दमात पूर्ण दाबले तर काहीही न शोधता, आपण आधी ठरवून दिलेल्या अंतरावर फोटो काढतो. मी हे अंतर दीड मीटर ठेवले आहे. सकाळी डब्यात पुरेसा उजेड असताना छिद्र एफ ५.६ वर ठेवले, तर साधारण एक मीटरपासून पावणेतीन मीटरपर्यंतचे सगळे स्पष्ट येते. एफ ८ वर ठेवले तर ९० सेंटीमीटरपासून साडेचार मीटरच्याही पुढे. डब्यातली सगळी माणसे याच अंतरांत असतात. हलत्या गाडीत, मधून कोणीतरी सरकत असताना, स्वयंचलित फोकस हमखास पुढच्या खांद्यावर किंवा खांबावर जाऊन बसतो. ठरवलेले अंतर हलत नाही, म्हणून लक्ष यंत्राकडे न जाता माणसाकडे राहते. मुंब्र्याच्या डोंगराचा आडोसा सुटून गाडी कळव्याकडे निघाली की सकाळी क्षणभर डब्यात उजेड भरतो, आणि पेंगणाऱ्या दोन-चार जणी एकदम डोळे मिचकावतात. तो क्षण मोजून दोन सेकंदांचा असतो. फोकस शोधणाऱ्या कॅमेऱ्याने मला तो एकदाही मिळाला नव्हता.

मागच्या जानेवारीतला एक प्रसंग सांगते, म्हणजे जवळ जाणे म्हणजे काय ते कळेल. संध्याकाळची कल्याण फास्ट होती आणि घाटकोपर सुटले होते. समोर पन्नाशीच्या एक मावशी मांडीवर वर्तमानपत्र पसरून मटार सोलत होत्या. शेंग अंगठ्याने दाबायची, तडकली की त्याच अंगठ्याने दाणे सरकवायचे, साल डाव्या हाताने पिशवीत टाकायची. नजर खिडकीबाहेर आणि हात आपले चालू. मी पहिला फोटो काढला तो त्यांच्या लक्षात आला नाही. दुसऱ्याच्या वेळी त्यांनी मान न वळवता विचारले, “काय गं, फोटो काढतेस?” मी म्हटले, “हो मावशी, तुमच्या हातांचा. चालेल ना?” त्या म्हणाल्या, “हातांचा कसला काढतेस? बसून बसून बघतेयस, त्यापेक्षा या चार शेंगा सोल.” आणि त्यांनी खरोखरच मूठभर शेंगा माझ्या ओंजळीत टाकल्या. ठाण्यापर्यंत आम्ही दोघींनी मिळून मटार सोलले. त्यानंतर काढलेला तिसरा फोटो सर्वांत चांगला आला, कारण त्यात त्यांचे हात पूर्वीसारखेच बेफिकीर चालले आहेत आणि चौकटीच्या खालच्या कडेला माझ्या गुडघ्यावरच्या चार सालीही दिसतात. पंधरा दिवसांनी त्याच गाडीत भेट झाली तेव्हा मी त्यांना तो छापून दिला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला आणि म्हणाल्या, “बांगड्या बऱ्या दिसतायत. नखे कापायला हवी होती.”

सहज फोटो म्हणजे समोरच्याला अजिबात पत्ता नसलेला फोटो, असे अनेकांनी धरून ठेवले आहे. माझा अनुभव असा, की कॅमेरा आहे हे ठाऊक झाल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे माणूस सावरून बसतो, पदर नीट करतो, आणि मग विसरतो. लोकलमध्ये तर फार लवकर विसरतो, कारण तिथे कोणाकडेही इतकी फुरसत नसते. कोणीतरी “कुठे उतरणार?” म्हणून विचारत असते, कोणाची सीट ठरलेली असते, दारातल्या बायका आतल्यांना सरकायला सांगत असतात, क्लिपा आणि कानातली विकणारी फेरीवाली हातभर लांब पट्टी घेऊन पुढे येते. या सगळ्यात कॅमेरा ही एक किरकोळ गोष्ट होऊन जाते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्यात पूजा होते, झेंडूच्या माळा आणि आंब्याची पाने दारांना लागतात. त्या दिवशी तर मला बोलावून फोटो काढायला सांगतात. तरीही माझे सर्वांत आवडते फोटो त्या दिवसाचे नाहीत. ते एखाद्या साध्या मंगळवारचे आहेत, जेव्हा डब्यातल्या सगळ्यांना मी ठाऊक होते आणि कोणालाही माझी दखल घ्यायची गरज वाटत नव्हती.

आवाजाविषयी दोन शब्द. शटर भिंगातच आहे, त्यामुळे कृत्रिम आवाज बंद केल्यावर उरते ती केवळ एक बारीक टिकटिक, जी धावत्या लोकलमध्ये स्वतःलाही ऐकू येत नाही. फोकसला मदत करणारा एक छोटा दिवाही आहे; तो अंधारात समोरच्याच्या तोंडावर उजेड टाकतो, म्हणून पहिल्याच दिवशी बंद करावा. या मालिकेच्या आधीच्या कॅमेऱ्यांत असलेला फ्लॅश जीआर-३ मध्ये नाही आणि मला त्याची उणीव भासली नाही. दिवसभर काम करून थकलेल्या माणसाच्या डोळ्यांवर फ्लॅश मारणे मला कधी पटलेले नाही.

संध्याकाळी आणि रात्री डब्यात फक्त दिव्यांचा उजेड असतो. तेव्हा मी शटर १/१२५ सेकंद, छिद्र एफ ४ आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) ३२०० वर ठेवते. या आकड्यांवर फोटोत बारीक दाणा दिसतो, पण तो कुरूप नाही. पोस्टकार्डाच्या आकारात छापल्यावर तर लक्षातही येत नाही. ६४०० पर्यंत मी बिनधास्त जाते, त्यापुढे सावल्यांमधला रंग बिघडतो आणि फोटो कृष्णधवल करावा लागतो. कॅमेऱ्यात हात हलण्याचा दोष सावरणारी तीन अक्षांची व्यवस्था आहे. ती हाताच्या कंपाला उपयोगी पडते, समोरच्या माणसाच्या हालचालीला नाही. रुळांचे सांधे ओलांडताना सगळा डबाच डावीउजवीकडे झुलतो, तेव्हा १/६० सेकंदाला काढलेल्या फोटोत चेहरे पुसट येतात. कधीकधी तो पुसटपणाच हवा असतो. छायाचित्रकार रघु राय यांचे १९९५ सालचे चर्चगेट स्थानकावरचे छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल, ज्यात वाहत्या गर्दीच्या मध्ये काही माणसे स्थिर बसून वर्तमानपत्र वाचत आहेत. तसे काही करायचे असेल तर या कॅमेऱ्यात दोन स्टॉपचे, म्हणजे एक-चतुर्थांशच उजेड आत सोडणारे, एनडी फिल्टर आतच बसवलेले आहे, त्यामुळे दिवसाउजेडीही शटर मंद ठेवता येते.

चोरून फोटो काढण्याची परंपरा जुनी आहे आणि ती मोठ्या नावांची आहे, हे मला मान्य आहे. अमेरिकेचे छायाचित्रकार वॉकर इव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत समोर बसलेल्या प्रवाशांचे फोटो काढले. ३५ मिलिमीटरचा काँटॅक्स कॅमेरा कोटाखाली, त्याचे चकाकणारे भाग काळे रंगवलेले, भिंग कोटाच्या दोन बटणांच्या मधून डोकावणारे आणि शटरची तार बाहीतून हातात आलेली. ते फोटो पुस्तकरूपाने आले १९६६ साली. म्हणजे जवळजवळ पाव शतक त्यांनी ते थांबवून ठेवले, आणि एवढ्या काळात त्या चेहऱ्यांची ओळख बरीच पुसली गेली होती. आपल्याकडे आज काढलेला फोटो कल्याण यायच्या आत हजार लोकांच्या फोनवर जातो. इव्हान्स यांचे फोटो मी फार प्रेमाने पाहते, पण त्यांची रीत आज लोकलमध्ये उचलायची असेल तर त्यांचा तो पंचवीस वर्षांचा संयमही उचलावा लागेल. त्यांच्याच शहरात छायाचित्रकार ब्रूस डेव्हिडसन यांनी १९८० मध्ये त्याच भुयारी रेल्वेत रंगीत फोटो काढले, तेव्हा ते आपल्या फोटोंचा एक छोटा अल्बम जवळ बाळगत आणि प्रवाशांना दाखवत. मी ती सवय त्यांच्याकडून घेतली आहे.

गेल्या वर्षी मी आठवड्याच्या शेवटी होणाऱ्या एका कार्यशाळेला गेले होते. तिथे शिकवले ते असे, की फोनवर बोलत असल्याचे नाटक करायचे आणि कमरेजवळून, न बघता बटण दाबत राहायचे. आमच्यातल्या एकाने दादरच्या पुलावर झोपलेल्या हमालांचे तीस-चाळीस फोटो असे काढले आणि दुपारी ते मोठ्या पडद्यावर दाखवून त्यांतल्या रेषांची चर्चा झाली. एकाही माणसाविषयी कोणी काही विचारले नाही. मी दुसऱ्या दिवशी गेले नाही. हा कॅमेरा अशा कामालाही उत्तम चालतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, आणि म्हणूनच तो घेणाऱ्याने आपण काय करणार आहोत हे आधी ठरवावे.

माझ्या हातूनही चूक झाली आहे. सुरुवातीच्या काळात मी एका झोपलेल्या बाईचा फोटो काढला. मांडीवर मुलाचे दप्तर, त्यावर दोन्ही हात, मान खिडकीच्या गजांना टेकलेली आणि तोंड किंचित उघडे. गजांच्या सावल्या तिच्या गालावरून दप्तरावर उतरल्या होत्या. तो मी काढलेल्या पहिल्या पाच-सहा चांगल्या फोटोंपैकी होता आणि मी तो चार मैत्रिणींना पाठवलाही. आठवड्याभराने ती त्याच डब्यात भेटली, तेव्हा मोठ्या उत्साहाने मी तिला फोनवर तो दाखवला. तिने बराच वेळ पाहिला. मग हळू आवाजात म्हणाली, “ताई, मला असे कोणी बघितलेले नकोय. काढून टाका.” तिच्यासमोर मी तो फोनवरून पुसला, कॅमेऱ्याच्या कार्डावरून पुसला आणि घरी जाऊन संगणकावरूनही पुसला, मैत्रिणींनाही पुसायला सांगितले. तेव्हापासून झोपलेल्या माणसाचा चेहरा मी टिपत नाही. लोकलमध्ये बाई झोपते ती घरातल्या दोन आणि कचेरीतली एक अशा तीन पाळ्यांच्या मध्ये मिळालेल्या वीस मिनिटांत झोपते. त्या वीस मिनिटांत तरी तिच्याकडे कोणी पाहू नये, ही तिची अपेक्षा मला पूर्णपणे रास्त वाटते.

कायद्याचे म्हणाल तर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि माणूस केवळ सार्वजनिक ठिकाणी आहे एवढ्यावरून त्याचा खासगीपणा संपत नाही, असे त्या निकालात स्पष्ट नमूद आहे. तिकीट काढून सगळ्यांच्या डब्यात बसलेल्या माणसाने फोटोला संमती दिली, असा अर्थ कोणी काढू नये. माझे फोटो पाहून काही पुरुष छायाचित्रकारांनी मला लेडीज डब्यात कसे जाता येईल असे विचारले आहे. स्त्रियांसाठी राखलेल्या डब्यात पुरुषाने शिरणे हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६२ नुसार गुन्हा आहे, आणि तो डबा तसा राखलेला आहे म्हणूनच त्यात बायका इतक्या मोकळ्या बसतात. जनरल डब्यात या छायाचित्रकारांना आयुष्यभर पुरेल इतके फोटो मिळतील.

आता उणिवा. बॅटरीविषयी कंपनीच स्वतः एका चार्जमध्ये सुमारे २०० फोटो सांगते, आणि हा आकडा आजच्या कॅमेऱ्यांच्या मानाने फारच कमी आहे. दुसरी बॅटरी घेतल्याशिवाय हा कॅमेरा घेऊ नये. मी कॅमेरा वापरलेला घेतला. विकणाऱ्या दुकानदाराने सोबत दिलेली जादा बॅटरी महिन्याभरात फुगली आणि ती कचऱ्यात गेली. त्यामुळे वापरलेला घेताना बॅटरी नवी आणि मूळ कंपनीचीच घ्यावी. चार्जिंग यूएसबी-सी वर होते, त्यामुळे फोनच्या पॉवरबँकवर काम भागते. पाऊस आणि धूळ यांपासून कॅमेऱ्याला संरक्षण नाही, आणि मुंबईत जून ते सप्टेंबर ही मोठीच अडचण आहे. दारातून येणारी झड, ओल्या छत्र्या, ठिबकणारे रेनकोट यांत मी तो झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवते आणि गाडीने वेग घेतल्यावरच काढते. भिंग चालू करताना बाहेर येते आणि बंद करताना आत जाते; अशा कोणत्याही कॅमेऱ्यात त्या वाटेने धूळ शिरू शकते, म्हणून चालू-बंद करताना तो पर्सच्या तळाशी नसावा. एसी लोकलमधून उतरताना आणखी एक गोष्ट होते. गार झालेले भिंग फलाटावरच्या दमट हवेत आले की त्यावर वाफ धरते आणि पाच-सात मिनिटे काही करता येत नाही. पुसत बसू नये, आपोआप जाते.

कॅमेऱ्यासोबत मिळणारी मनगटाची दोरी अवश्य वापरावी. दारात उभे राहून, बाहेर झुकून फोटो काढण्याचा मोह अनेकांना होतो. मी दारात कॅमेरा काढतच नाही. दिवा-मुंब्रा भागात गाडी वळणावर कशी झुकते आणि दारातली माणसे कशी लटकलेली असतात, हे रोज पाहणाऱ्याला याचे कारण सांगावे लागणार नाही.

२८ मिलिमीटर फारच रुंद वाटत असेल, तर कॅमेऱ्यातच चौकट कापून ३५ किंवा ५० मिलिमीटरसारखी करता येते; पण तेव्हा मेगापिक्सेल अनुक्रमे १५ आणि ७ पर्यंत उतरतात. २०२१ मध्ये आलेल्या जीआर-३एक्स या भावंडाला ४० मिलिमीटरच्या तोडीचे भिंग आहे. एका मैत्रिणीचा मी आठवडाभर वापरून पाहिला. चेहरे त्यात अधिक देखणे येतात, यात शंका नाही. पण त्यात शेजारीण गळते, हँडलवरचे हात गळतात आणि मी एक पाऊल मागे राहिले तरी फोटो मिळतो. मला ते मागे राहणे नको होते. २०२५ मध्ये जीआर-४ आला आहे. त्यात भिंग त्याच २८ च्या हिशेबाचे पण नव्या रचनेचे आहे, कंप सावरणारी व्यवस्था पाच अक्षांची आहे आणि आतली साठवण २ जीबीवरून ५३ जीबी झाली आहे. कार्ड घरी विसरण्याची सवय असणाऱ्यांना ती साठवण मोलाची वाटेल. रोज रात्रीच्या डब्यात फोटो काढणाऱ्याने नव्याचा विचार जरूर करावा. ज्याला मुख्यतः दिवसाच काढायचे आहेत, त्याला वापरलेला जीआर-३ पुरेसा आहे.

मोबाईल का नको, हा प्रश्न मला डब्यात सर्वाधिक विचारला जातो. चित्राचा दर्जा हे एक कारण आहेच, पण मोठे कारण दुसरे आहे. समोर फोन धरला की आज प्रत्येक बाईला पहिली शंका येते ती रीलची, आणि ती शंका चुकीची नसते. हातातला कॅमेरा पाहिल्यावर तीच बाई विचारते, “पेपरवाली आहेस का?” म्हणजे निदान प्रश्न तरी विचारते आणि बोलणे सुरू होते. शिवाय या कॅमेऱ्यातला फोटो छापल्यावर फार सुंदर दिसतो. मी रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात फोटो ठेवते, घरी रंग थोडे उतरवते आणि स्टेशनबाहेरच्या स्टुडिओतून चार बाय सहाच्या प्रती काढून आणते. ज्यांचा फोटो, त्यांना एक प्रत. हा माझा खर्च महिन्याला दोनशे-तीनशे रुपयांच्या वर जात नाही. कोणाला नको असेल तर ती प्रत आणि मूळ फोटो दोन्ही जातात.

त्या प्रतींचे एक खाकी पाकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात असते. गाडी बदलली, नोकरी बदलली, बाळंतपणाची रजा लागली, की ओळखीचा चेहरा डब्यातून नाहीसा होतो आणि प्रत पाकिटात राहते. सध्या त्यात तीन आहेत. एक क्लिपा विकणाऱ्या मुलीची, जी पट्टीतल्या आरशात स्वतःच कानातले लावून पाहते आहे, एक दोन नणंदा-भावजयांची, ज्या एकाच इअरफोनवर काहीतरी ऐकत होत्या, आणि एक हिरव्या साडीतल्या बाईंची, ज्यांनी फोटो काढल्यावर “मला दाखवशील ना गं?” असे विचारून भांडुपला उतरताना मागे वळून हात केला होता. दिवाळीपासून त्या दिसलेल्या नाहीत. भांडुप आले की मी अजून दाराकडे पाहते.